बाहेर राहणाऱ्या कुत्र्यासाठी पफ पॅनेलचं घर बनवून घेतलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वर्कशॉपचा अनुभव

पैसे वसूल झाले का, तर झाले, हे आधीच सांगते. सोलापुरात कुत्र्यासाठी बाहेर ठेवायचं घर बनवून घ्यायचं असेल तर कोल्ड स्टोरेजचं काम करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडं जा, त्यांच्या दारात रंगवून उभी केलेली रेडीमेड पत्र्याची घरं बघून भुलू नका, कुत्र्याचं माप नेऊन पफ पॅनेलचं, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेल्या शीटचं, घर बनवून घ्या, आणि पॅनेलच्या कापलेल्या कडा पट्टीनं बंद केलेल्या स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय टेम्पोत चढवू देऊ नका. दुकानाचं नाव टाकत नाही कारण पुढं थोडी तक्रार पण आहे आणि ती त्यांनी निस्तरून दिलीय, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

घर कुणासाठी ते सांगते. मी एमआयडीसीतच एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते. तिथं बिजली आहे, कारवान (पळणारी शिकारी जात) आणि गावठी अशी मिक्स, लांब पायाची, पोट आत गेलेली, अंगावर केस म्हणाल तर नावालाच. मी लागले तेव्हापासून ती गेटजवळ बांधलेली असायची, साखळी बैलाची, वजनदार, हातभर लांब म्हणा ना, आणि निवारा म्हणजे आडवा टाकलेला रंगाचा लोखंडी बॅरल. मे महिन्यात दुपारी त्या बॅरलला हात लावून बघितला तर चटका बसायचा. ती बिचारी आत जायचीच नाही, बॅरलच्या सावलीची जी बोटभर पट्टी पडायची तिथं अंग चोरून पडायची आणि सूर्य सरकला की ती पण सरकायची, साखळी पुरेल तेवढी. वॉचमन मामांचा जीव तिच्यावर, पण मामांच्या हातात काय असणार, मालक शेठ आणि शेठचं म्हणणं की राखणीचं कुत्रं असंच असतंय.

मी शेठना दया दाखवा वगैरे काही म्हटलं नाही, कायदा वाचून दाखवला. प्राण्यांना क्रूरतेनं वागवायला बंदी घालणारा कायदा १९६० चा आहे, त्यातलं कलम ११ प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्यानं एकदा तरी वाचावं असं आहे. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं, दोरीनं जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा. कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही, त्याला पुरेसा व्यायाम दिला नाही, तर तो वेगळा गुन्हा. पुरेसं खाणं, पाणी आणि निवारा दिला नाही तर तो पण गुन्हा. निवारा हा शब्द कायद्यात अन्नपाण्याच्या बरोबरीनं लिहिलाय, हे फार कमी लोकांना माहीत आहे. म्हणजे बाहेरच्या कुत्र्याला घर बांधून देणं ही हौस नाही, ते आपल्याकडं त्याचं देणं लागतंय. आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूच्या प्रकरणात, म्हणजे नागराज निकालात, जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांची नोंद घेतली, भूक-तहानेपासून, अस्वस्थतेपासून, दुखणं-आजारापासून, भीतीपासून सुटका आणि स्वतःच्या स्वभावाप्रमाणं वागायची मोकळीक. हातभर साखळीवर पळणाऱ्या जातीच्या कुत्रीनं स्वभावाप्रमाणं कसं वागायचं सांगा.

दंडाचं म्हणाल तर पहिल्यांदा १० ते ५० रुपये. तीन वर्षात परत केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. ५० रुपये ऐकून लोक कायदाच मोडीत काढतात, मला याचा खरंच राग येतो, रक्कम १९६० ची आहे म्हणून गुन्हा लहान होत नाही, आणि पोलिसात नोंद झाली तर कारखान्याचं नाव जातंच. शेठना हे पटलं. माणूस वाईट नाही, कुणी सांगितलंच नव्हतं एवढंच.

आता आपल्या कायद्यात अडचण एक आहे, तो अवाजवी म्हणतो पण किती फूट, किती तास ते सांगत नाही. म्हणून ऑर्डर देताना मी बाहेरच्या देशातले आकडे काढून नेले, कारण फॅब्रिकेशनवाल्याला भावना सांगून उपयोग नसतो, त्याला माप लागतं. अमेरिकेत टेक्सास राज्यात २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेला कायदा आहे, बाहेर एकट्या बांधलेल्या कुत्र्याला साखळी चालतच नाही, आणि दोरी कमीत कमी कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट किंवा १० फूट, यातलं जे जास्त असेल ते. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत धरायची. बिजली भरली ८० सेंटिमीटर, म्हणजे पाचपट ४ मीटर, साधारण १३ फूट. कॅलिफोर्नियात एका जागी खुंट्याला बांधायचं तर २४ तासात तीन तासाच्या वर नाही, पण वर ताणलेल्या तारेवर सरकणारी दोरी असेल तर चालते, फक्त गळा आवळणारा पट्टा नको. जर्मनीत तर २०२३ पासून कुत्रं बांधून ठेवायलाच बंदी, थोडे अपवाद सोडून, आणि जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचं तर जागेचं माप कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवर ठरतं, ५० सेंटिमीटरपर्यंत ६ चौरस मीटर, ६५ पर्यंत ८, त्याच्यावर १०. शिवाय आत उष्णता अडवणाऱ्या मालाचं घर आणि घराबाहेर सावलीची वेगळी जागा. हे शेवटचं मला फार आवडलं, घर एक आणि सावली वेगळी.

तर वर्कशॉप. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आतल्या रस्त्याला आहे, मेन काम डाळिंब-द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजचं, त्यातून पफ पॅनेलचे उरलेले तुकडे पडून असतात आणि त्यातनं ते सिक्युरिटी केबिन, कोंबड्यांची खुराडी, कुत्र्यांची घरं असं काय काय करून देतात. मालक तरुण आहे, बोलायला चांगला. आधी त्यानं मला पत्र्याचंच घर दाखवलं, निळं, पुढं कमान, वर कुत्र्याचं चित्र, चार हजारात. म्हणला, ताई हेच लई जातंय बगा. मी म्हटलं दादा, मे महिन्यात दुपारी तीनला तुम्ही यात दहा मिनिटं बसून दाखवा, मग घेते. तो हसला, पण मग नीट ऐकायला लागला.

त्याला सांगितलेलं इथं पण लिहिते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून अंग थंड करतो. त्याच्या अंगाचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ डिग्रीच्या आसपास असतं आणि ४१ च्या पुढं गेलं की जीवावर बेततं. सोलापुरात मे मध्ये हवाच ४२-४३ ला जाते. अशा वेळी डोक्यावर पातळ पत्रा असला की तो तव्यासारखा तापून वरून धग सोडत राहतो, म्हणजे कुत्रं सावलीत असूनही भाजतंय. त्यामुळं घर बघताना पहिला प्रश्न छत कशाचं, दुसरा वारा कुठून येणार आणि कुठून जाणार. दार-बिर, रंग-बिंग नंतर.

शेवटी जे ठरलं ते असं. ४ फूट लांब, ३ फूट रुंद, पुढून ३ फूट उंच, मागं थोडा उतार. म्हणजे ती आत सरळ उभी राहते, गर्र फिरते आणि पाय ताणून आडवी पडते, टेक्सासच्या कायद्यात निवाऱ्याची कसोटी तीच आहे, उभं राहता, बसता, वळता आणि नेहमीसारखं झोपता आलं पाहिजे. सांगाडा चौकोनी पाइपचा, भिंती आणि छत ५० एमएम पफ पॅनेलचं, बाहेरून पांढरा पत्रा. खाली पाय ६ इंच, पावसाचं पाणी खालून निघून जावं म्हणून, आमच्या कंपाउंडला परतीच्या पावसात घोट्याएवढं पाणी साचतं. दार मधोमध नको, एका कडेला, म्हणजे वारा-पाऊस थेट अंगावर येत नाही आणि आत एक कोपरा आडोशाचा मिळतो. समोरासमोरच्या दोन भिंतींना वरच्या बाजूला जाळीच्या खिडक्या. आणि छत बिजागरीवर उघडणारं, हे मी हट्टानं करून घेतलं आणि हेच सगळ्यात कामाचं निघालं, कारण बाकी घरात झाडू घालायला वाकून आत शिरावं लागतं, मग कुणीच साफ करत नाही, आणि गोचीड तिथंच अंडी घालतात. ब्राउन गोचीड फटीत, भेगेत, लाकडाच्या सांध्यात अंडी घालतो. गोचीडताप काढलेलं कुत्रं ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. प्लायवूडचं घर मी याच कारणासाठी नको म्हटलं, सुताराचं काम कितीही सुबक असलं तरी दोन पावसात प्लाय फुगतो, फटी पडतात. पफ पॅनेलला सांधे कमी, पाण्यानं धुता येतं, वाळतं लगेच.

आता तक्रारी. पहिली उशीर. जानेवारीत ऑर्डर दिली, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत कारागीर सुट्टीवर, मग कोल्ड स्टोरेजचं मोठं काम आलं, आमचं घर मागं पडत गेलं आणि हातात आलं तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. फोन केला की उद्या देतो ताई, प्रत्येक वेळी उद्या. खरं सांगितलं असतं तर चाललं असतं.

दुसरी जास्त गंभीर. दाराची चौकट कापलेली, तिथं पॅनेलच्या आतला पिवळा फोम उघडा ठेवलेला. मालक म्हणला काही होत नाही. बिजलीनं पहिल्याच रात्री ती कड कुरतडली, सकाळी मामांना खाली फोमचा चुरा दिसला. हा फोम पोटात गेला तर आतडं तुंबू शकतं, आणि कुत्रं कुरतडणारच, तो त्याचा धर्मच आहे, त्यामुळं उघडा फोम हा फिनिशिंगचा प्रश्न नाही, धोका आहे. शिवाय कापलेल्या पत्र्याची धार होती ती वेगळीच, बोट फिरवलं तर कापेल अशी. मी फोटो पाठवले, तर खरं म्हणजे कौतुक करायला पाहिजे, दुपारपर्यंत माणूस आला, सगळ्या कडांना अॅल्युमिनियमची चॅनेल पट्टी रिव्हेट मारून बसवली, कोपरे ग्राइंडरनं गोल केले, जादा पैसे मागितले नाहीत. तिसरी तक्रार छताच्या स्क्रूतून गळती, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात थेंब थेंब आत. रबर वॉशर नीट दाबले नव्हते. सिलिकॉन मारून दिलं, परत गळलं नाही.

उन्हाळ्याचं रिझल्ट प्रामाणिकपणे सांगते कारण लोक पफ पॅनेल म्हटलं की आत एसी असल्यासारखं समजतात. नाही. घर थंड होत नाही, ते फक्त वरून तापू देत नाही. दुपारी आतली हवा बाहेरच्या सावलीएवढीच गरम असते, फरक एवढा की छताला आतून हात लावला तर चटका बसत नाही, धग येत नाही. म्हणून घर उन्हात ठेवलं तर निम्मे पैसे पाण्यात. आम्ही ते बॉयलरच्या भिंतीपासून लांब, मागच्या कडुलिंबाखाली ठेवलं, दार पूर्वेला, आणि दुपारी मामा वरून ओलं गोणपाट टाकतात. पाण्याला स्टीलचं भांडं काढून टाकलं, मातीची मोठी कुंडी अर्धी जमिनीत पुरली, ती कलंडत पण नाही आणि पाणी प्यायच्या लायकीचं राहतं. मे महिन्यात बिजली दुपारी आत कमी आणि झाडाखालच्या ओल्या मातीत जास्त असायची, आणि ते बरोबरच आहे, तिला चॉइस आहे ही खरी गोष्ट. आत ती रात्री, पावसात आणि थंडीत पहाटे असते, तेव्हा घराचा खरा उपयोग. अंगावर केस नसलेल्या जातीला डिसेंबरच्या पहाटे लोखंडी बॅरलमध्ये काय होत असेल ते आता कळतंय, तेव्हा ती कुडकुडायची, आता मामा येऊन हाक मारतात तरी लवकर उठत नाही.

अंथरुणाबद्दल एक सांगून ठेवते. आमच्याकडं रिजेक्ट टॉवेलचा ढीग, साहजिकच आधी तेच घातले. पण टॉवेलच्या फासात तिच्या नख्या अडकायला लागल्या, एकदा नख उलटून रक्त आलं. आता सोलापुरी चादर, जुनी, चौघडी करून. चादरीचं विणकाम घट्ट, नख अडकत नाही, आणि धुवून कडक उन्हात टाकली की झालं.

याच वर्कशॉपकडून तारेची लाइन पण करून घेतली आणि माझ्या मते घराइतकीच ती महत्त्वाची. दिवसा टेम्पो लोडिंगला येतात तेव्हा बिजलीला मोकळं ठेवता येत नाही, ड्रायव्हर लोक घाबरतात आणि गाडीखाली येण्याचीही भीती. त्यामुळं तेवढ्यापुरती लाइन, बाकी वेळ मोकळी, रात्री गेट बंद झालं की सगळं कंपाउंड तिचं. दोन पाइप रोवून सात फूट उंचीवर ३० फूट लांब वायर रोप ताणली, टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावून, तिच्यावर पुली आणि पुलीला १३ फुटी नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना फिरकीचं हुक, म्हणजे दोरीला पीळ पडत नाही. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावायची नाही, छातीच्या हार्नेसला. घर, कुंडी आणि झाडाची सावली तिन्ही तिच्या टप्प्यात.

इथं वर्कशॉपवाल्यानं स्वतःहून एक गोष्ट केली त्यासाठी त्याला पूर्ण मार्क. वायरला दोन्हीकडं भिंतीच्या बऱ्याच आधी क्लॅम्प टाकून स्टॉपर केले. म्हणला, ताई, कुत्रं भिंतीवरून उडी मारतंय आणि दोरी अलीकडं राहतीय, मग पलीकडं लोंबकळून जीव जातोय, बघितलंय मी एका फार्महाउसला. हे मला माहीत नव्हतं ना मामांना. लाइन करून घेणाऱ्या प्रत्येकानं हे बघाच, बिजलीसारखं कुत्रं सहा फुटी भिंत सहज टाकतं. आणि दोरी गुंतेल असा खांब, पाइप काहीही त्या पट्ट्यात नको.

खर्च झाला तो घराचा ११,०००, लाइन हार्नेससकट ३,२००, टेम्पोभाडं वेगळं. पॅनेल उरलेल्या तुकड्यांचं होतं म्हणून एवढ्यात बसलं, नवीन शीट कापायला लावली तर बरंच वर जाईल, तेव्हा विचारा तुकडे आहेत का, रंग जरा वेगवेगळा आला तर येऊ द्या. लहान कुत्र्याला घर लहान लागतं, तिथं खर्चही कमी. ऑनलाइन प्लॅस्टिकची जी घडीची घरं मिळतात त्यापेक्षा हे महाग आहे, पण शेजारच्या युनिटमध्ये तसलं एक आहे, एका उन्हाळ्यात त्याचं प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तुकडे पडायला लागलेत.

काय घेऊ नका तेही सांगते. त्यांच्याकडं जाळीचे पिंजरे पण आहेत, ४ बाय ३ चे, लोक फ्लॅटखाली पार्किंगमध्ये ठेवायला नेतात आणि कुत्रं दिवसभर त्यात. कलम ११ मध्ये तेही आहे, हालचालीला पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा. आता जर्मनीचा आकडा लावा, बिजलीएवढ्या, म्हणजे खांद्याला ६० सेंटिमीटर असलेल्या कुत्र्याला ८ चौरस मीटर, म्हणजे ८६ चौरस फूट, आणि हे पिंजरे १२ चौरस फुटाचे. मी मालकाला तोंडावर सांगितलं की हे विकू नका, आणि विकायचेच तर फक्त गाडीतून न्यायला म्हणून विका. म्हणला, गिऱ्हाईक मागतंय ताई. मागू दे की. ज्याला ८६ चौरस फूट जाळी करून हवी त्याला तो करून देतो, सोरेगावच्या एका शेतात केलेली मी बघून आले, वरून अर्धी पत्रा अर्धी शेडनेट, आत घर, काम चांगलं होतं. शेठ दिवाळीनंतर तसं करू म्हणालेत, मग लोडिंगच्या वेळी दोरीची पण गरज राहणार नाही, मी मागं लागलेली आहेच.

जाणार असाल तर चार गोष्टी लिहून न्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, उभं असताना डोक्यापर्यंत उंची, जागा किती आणि सावली कुठल्या बाजूला. पिल्लू असेल तर मोठं झाल्यावरचं माप धरा. निम्म्यापेक्षा जास्त अॅडव्हान्स देऊ नका, कडा, स्क्रू आणि छताची बिजागरी तपासून मगच बाकी द्या, टेम्पोत चढवायच्या आधी वरून बादलीभर पाणी ओतून गळतंय का बघा. आणि उन्हाळ्याच्या आत पाहिजे असेल तर दिवाळी झाली की ऑर्डर टाका, गड्ड्याच्या तोंडावर जाऊ नका.